छाप आणि मत

वस्तूच्या गुणापेक्षा तिच्या नावावर भिस्त ठेवण्याची सवय आपल्याला मोबाईलने लावली, असे कोणी म्हणेल तर ते बरोबर नाही. गिऱ्हाइकाला अक्षरओळख नव्हती त्या काळात कारखानदार मालावर घोडा, हत्ती, सिंह अशी चित्रे छापीत, आणि बाजाराच्या दिवशी डोंगर उतरून आलेला माणूस दुकानदाराला 'घोड्याची द्या' एवढेच सांगे. त्या छापेत एक वचन होते. मागच्या खेपेला निघाला तसाच माल ह्या खेपेला निघेल, हे ते वचन. गरिबाला ते फार मोलाचे असते, कारण चुकीचा माल घेऊन पुन्हा दुसरा घेण्याची त्याची ऐपत नसते. तेव्हा छापेवरची निष्ठा ही निव्वळ मूर्खपणाची गोष्ट आहे असे आम्ही मानीत नाही.

पुढे रेडिओ आला आणि घरोघर मर्फीवाले आणि फिलिप्सवाले असे दोन तट पडले. आज तेच तट फोनच्या बाबतीत पडले आहेत. एक अ‍ॅपलचा, दुसरा गुगलच्या अँड्रॉइडचा. आणि अँड्रॉइडवाल्यांत पुन्हा कोरियन, चिनी आणि देशी असे पोटभेद. जव्हारच्या पेठेत चहाच्या दुकानी दोन तरुणांचा वाद ऐकावा. फोनबद्दल ते एखाद्या पक्षाबद्दल बोलावे तसे बोलतात, आणि पक्षाबद्दल बोलू लागले की फोनबद्दल बोलावे तसे बोलतात. आपल्या पक्षाने काल एक सांगितले आणि आज उलटे केले, तरी हे गिऱ्हाईक दुकान बदलीत नाही. ह्या अदलाबदलीत काय हरवते, तेवढेच आम्हांला सांगावयाचे आहे.

वस्तूची निवड आणि राजकीय मत यांचा संबंध महाराष्ट्राला नवा नाही. १९०५ साली पुण्यात विलायती कापडाची होळी झाली. त्याच सुमाराच्या चळवळीतून, दरसाल माणशी एक पैसा ह्या कल्पनेवर उभारलेल्या पैसा फंडातून, तळेगाव दाभाड्यास काचेचा कारखाना निघाला. ती निवड डोळसपणे केलेली होती. आपला पैसा कोठे जातो हे विचारून केलेली होती. परंतु यंत्रावरचे नाव पाहून मालकाचे मन ओळखू जाल तर फसगत व्हायची. २७ ऑगस्ट १९४२ पासून मुंबईत गुप्तपणे बोलू लागलेल्या काँग्रेस रेडिओची हकीकत पाहा. उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी तो नोव्हेंबरात पकडले जाईपर्यंत चालविला. यंत्रसामग्रीची मदत करणारी पेढी होती शिकागो रेडिओ! नाव अमेरिकेतल्या शहराचे, आणि पेढी मात्र नानिक मोटवाने यांची, अस्सल देशी. काँग्रेसच्या सभांना कर्णे पुरविणारी. त्या काळी, आणि स्वराज्य आल्यावरही पुष्कळ वर्षे, नुसता ऐकायचा रेडिओ घरी ठेवायला सरकारचा परवाना लागत असे, ही गोष्ट आजच्या तरुणांना खरीसुद्धा वाटणार नाही.

आता फोनच्या कंपन्या म्हणतात, आमचे यंत्र घ्या, तुमचा खाजगीपणा आम्ही राखू. हे वचन कितपत टिकते? अमेरिकेत डिसेंबर २०१५ मध्ये सॅन बर्नार्डिनो येथे गोळीबार झाला. मारेकऱ्याचा अ‍ॅपलचा फोन पोलिसांच्या हाती लागला, पण त्याचे कुलूप उघडेना. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यायालयाने कंपनीला सरकारी तपासयंत्रणेस मदत करण्याचा हुकूम केला. कंपनीने तो उघडपणे नाकारला. एका फोनसाठी बनविलेली किल्ली सगळ्याच फोनांना लागेल, असे तिचे म्हणणे होते. पुढे सरकारला दुसरी वाट सापडली आणि मार्चमध्ये तो दावा सोडून देण्यात आला. जगभर कंपनीची वाहवा झाली, आणि ती सर्वस्वी खोटी नव्हती.

पण त्याच कंपनीने २०१७ साली चीनमधल्या आपल्या दुकानातून, सरकारी पहारा चुकवून परदेशी संकेतस्थळे पाहू देणारी साधने काढून टाकली. आणि फेब्रुवारी २०१८ पासून चिनी गिऱ्हाइकांची साठवलेली माहिती ग्वेजो प्रांतातल्या, तेथील सरकारशी संबंध असलेल्या एका कंपनीच्या हवाली केली. छाप तीच, यंत्र तेच, कुलूपही तेच. फरक कोठला? अमेरिकेत कंपनीला न्यायालयात उभे राहून सरकारला 'नाही' म्हणता आले. चीनमध्ये तसे म्हणण्याची सोय नव्हती, आणि बाजार तर सोडवत नव्हता. म्हणजे गिऱ्हाइकाला जे कंपनीचे शील वाटले, त्यातला पुष्कळसा भाग त्या त्या देशाच्या कायद्याचा होता.

कंपनी आपल्या गिऱ्हाइकाचा नागरिक म्हणून कसा उपयोग करून घेते, याचा एक मासला आपल्याच देशात झाला. फेसबुकने 'फ्री बेसिक्स' नावाची योजना आणली होती. ठराविक संकेतस्थळे फुकट, बाकीच्यांना पैसे. जव्हार-मोखाड्यासारख्या भागात, जेथे फोनला रेंज मिळावी म्हणून माणसाला माळावर किंवा टेकडीवर जाऊन उभे राहावे लागते, तेथे फुकट हा शब्द गोडच लागणार. पण कोणती संकेतस्थळे फुकट, हे कंपनी ठरविणार होती. ग्रंथालय फुकट, मात्र पुस्तके कोणती ठेवायची ते एकाच प्रकाशकाने सांगायचे, असा तो प्रकार. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने लोकांची मते मागविली, तेव्हा २०१५ च्या डिसेंबरात कंपनीने आपल्या गिऱ्हाइकांपुढे आयता मजकूर ठेवला आणि एका बोटासरशी तो प्राधिकरणाकडे जाऊ लागला. लाखो पत्रे गेली. प्राधिकरणाने म्हटले की, आम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे यात नाहीत. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी असे भेदभावाचे दर लावण्यास बंदी झाली. त्या पत्रांखाली ज्यांची नावे होती, त्यांपैकी कितीजणांना आपण राजकीय मत देत आहोत हे ठाऊक असेल?

कंपनीवर भिस्त ठेवता येत नसेल, तर पक्षावर ठेवावी काय? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधायला दूर जावयास नको. आमच्याच जिल्ह्यात ते मिळते. जव्हारचा घाट उतरून गेले की पालघर. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी, रविवारी, मुंबई आणि आसपासचा मुलूख बंद होता. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. तेथील एका एकवीस वर्षांच्या तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. बंद पाळला जातो तो आदराने की भीतीने, असा त्यांचा आशय. तिच्या एका मैत्रिणीने त्या मजकुराखालच्या अंगठ्याच्या खुणेवर बोट दाबले, म्हणजे 'आवडले' असे कळविले. बस्स, इतकेच. तक्रार झाली, पहिलीच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोड झाली, आणि सोमवारी दोघींना अटक होऊन प्रत्येकी पंधरा हजारांच्या जामिनावर सोडण्यात आले.

एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. ज्या नेत्याच्या निधनानंतर हे घडले, त्याचा पक्ष तेव्हा राज्यात विरोधी बाकांवर होता. सरकार काँग्रेस आणि राष्ट्रवादी काँग्रेस यांचे, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण. म्हणजे अटक करणारे पोलीस विरुद्ध बाजूच्या सरकारचे होते! गृहखाते कोणाचे याला त्या दिवशी काडीचे महत्त्व उरले नाही. ठाण्याच्या दारात जमाव कोणाचा, याला होते. प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी मुख्यमंत्र्यांना कडक पत्र लिहिले, वर्तमानपत्रांनी हाकाटी केली, तेव्हा दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, न्यायदंडाधिकाऱ्यांची बदली झाली आणि पुढे खटला गुंडाळला गेला.

ही अटक कोणत्या आधारावर झाली तेही समजून घेतले पाहिजे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने ६६-अ हे कलम घातले गेले. संगणकावरून किंवा फोनवरून 'अत्यंत आक्षेपार्ह' मजकूर धाडणे, किंवा खोटी ठाऊक असलेली माहिती त्रास वा गैरसोय व्हावी म्हणून धाडणे, यांस तीन वर्षांपर्यंत कैद. आक्षेपार्ह म्हणजे काय, त्रास कोणाला, किती, याची व्याख्या कोठेच नाही. चहाच्या दुकानी तोंडाने बोलले तर गुन्हा नाही, तेच फोनवर लिहिले तर तुरुंग, असा ह्या कलमाचा थाट. पालघरच्या हकिकतीने अस्वस्थ झालेल्या श्रेया सिंघल ह्या दिल्लीच्या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती नरिमन यांनी ते कलम समूळ रद्द केले. त्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या: एखाद्या गोष्टीची चर्चा करणे, तिचा पुरस्कार करणे, आणि तिच्यासाठी चिथावणी देणे. पहिल्या दोन पायऱ्या, इतरांना कितीही न रुचल्या तरी, घटनेने राखलेल्या आहेत. कायद्याला हात घालता येतो तो तिसरीवर आल्यानंतर. ह्या तीन पायऱ्या शाळेच्या नागरिकशास्त्रात असाव्यात असे आमचे मत आहे. निदान पोलीस ठाण्यात तरी असाव्यात. कारण रद्द झालेल्या त्याच कलमाखाली देशात पुढेही गुन्हे नोंदले जात राहिले, आणि जुलै २०२१ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल आश्चर्य व्यक्त केले.

न्यायालय हीदेखील काही निष्ठा वाहण्याची छाप नव्हे, हे ओघाने सांगितले पाहिजे. २८ एप्रिल १९७६ रोजी, आणीबाणीत, अटकेविरुद्ध दाद मागण्याचा हक्कच नागरिकाला उरलेला नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. पाचांपैकी चार न्यायमूर्ती त्या बाजूचे. त्यांत आपल्या महाराष्ट्राचे यशवंतराव चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, आणि त्या निकालपत्रात १९७६ चा निकाल सदोष होता असे लिहिणारे न्यायमूर्ती होते यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड. घराणे तेच, न्यायासन तेच; चार दशकांनी मत मात्र उलट. आम्हांला ह्यात पितापुत्रांच्या नाट्यापेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते. चुकीचे मत बदलण्याची जागा शिल्लक होती.

खाजगीपणा हा शहरी माणसाचा चोचला आहे, असे ऐकू येते. महागडा फोन ज्याच्या खिशात नाही, त्याला लपवावयाचे तरी काय, असा त्या बोलण्याचा रोख असतो. जव्हार-मोखाड्याच्या वारली, कोकणा, महादेव कोळी माणसाला अंगठ्याची किंमत शहरी माणसापेक्षा जास्त कळते. कागदावर काय लिहिले आहे ते न वाचता सावकारापुढे अंगठा उठवायचा आणि पिढीभर वेठीस राबायचे, ही ठाणे जिल्ह्यातली जुनी कहाणी. १९४५ च्या वारल्यांच्या उठावात गोदावरी आणि शामराव परुळेकर ज्या वेठीविरुद्ध उभे राहिले, तिच्या मुळाशी असे कर्जाचे कागदही होते. आज फोनवर बारीक अक्षरांतल्या पानोपान अटींखाली 'मान्य' ह्या शब्दावर आपण बोट ठेवतो. ते वाचणारा पदवीधर आम्ही अजून पाहिलेला नाही.

आणि रेशनच्या दुकानात छाप निवडण्याचा प्रश्नच येत नाही. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली ह्या आदिवासी गावी दिला गेला. पुढे धान्य घेताना यंत्रावर अंगठा ठेवण्याची पद्धत आली. भाताच्या लावणीत, दगडमातीच्या कामात झिजलेल्या बोटाच्या रेषा यंत्राला उमटत नाहीत. कधी रेंज नसते. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी चार विरुद्ध एक अशा मतांनी आधार कायदा बहुतांशी वैध ठरविला. खाजगी कंपन्यांना आधार मागण्याची मुभा देणारा भाग मात्र काढून टाकला. विरुद्ध मत देणारे एकटे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूडच होते. परंतु त्याच्याही आधी, ऑक्टोबर २०१७ मध्ये, केंद्राच्या अन्न विभागाने राज्यांना कळविले होते की, आधार नाही किंवा अंगठा जुळला नाही एवढ्या कारणाने कोणाचे धान्य नाकारू नये. शिधापत्रिका पाहून धान्य द्यावे आणि तशी नोंद वेगळ्या वहीत ठेवावी. दुकानदारापुढे अंगठा चौथ्यांदा पुसून पाहणाऱ्या म्हातारीला त्या वहीचे नाव सांगणारे कोणी तरी रांगेत असावे लागते.