अँपचा लाइट लागतो का, ते आधी सांगा

वूफर गप्प झाला की लोक थेट नव्या अँपची किंमत विचारतात. थांबा. आधी डिकी उघडा आणि मल्टिमीटर घ्या, साधा चालेल.

अँपचा लाइटच नाही? स्टिरिओ चालू ठेवा. मीटरचं काळं टोक अँपच्या ग्राउंडवर, लाल टोक आधी पॉवरवर, मग रिमोटच्या बारीक वायरवर. दोन्हीकडे साधारण १२ व्होल्ट हवेत. पॉवरवर शून्य आलं तर काळं टोक गाडीच्या उघड्या पत्र्याला लावून बघा. आता १२ आले? मग ग्राउंड ढिला. रंगावरच कसलेला स्क्रू, दुसरं काय! रंग खरवडा, परत कसा. तरीही शून्यच, तर बॅटरीजवळचा फ्यूज बघा.

आणि हो, उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज घालू नका, कोणी कितीही सांगो. फ्यूज वायरला वाचवायला असतो. तो मोठा घातला की आधी वायर तापते, आणि ती जाते कार्पेटखालून. गाडी पेटू शकते.

लाल प्रोटेक्ट लाइट लागलाय? सगळं बंद करून वूफरच्या वायर काढा, पुन्हा चालू करा. लाइट गेला तर गडबड वूफरमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये.

लाइट नीट, पण आवाज नाही? मोबाइल आरसीए केबलने थेट अँपला लावा, व्हॉल्यूम कमी ठेवून. वाजला तर अँप, वूफर दोघेही ठणठणीत. मग स्टिरिओच्या सेटिंगमध्ये जा. कधी कधी तिथे सबवूफर ‘ऑफ’ असतो, बस.