खेळाच्या यंत्रातली चित्रपटाची तबकडी

गेम कन्सोल, म्हणजे दूरचित्रवाणी संचाला जोडून व्हिडिओ गेम खेळण्यासाठी तयार केलेला खास संगणक, कोणती तबकडी वाचणार हे निर्माता ठरवतो तेव्हा त्याच्या नजरेसमोर मुख्यतः खेळ असतात. परंतु ते यंत्र ज्या घरात जाते तिथे चित्रपट कोणत्या तबकडीवरून पाहिले जाणार, हेही त्याच निर्णयाने बरेचसे ठरून जाते. तबकडीवर माहिती किती दाटीने कोरायची, ती कोणत्या लेसर किरणाने वाचायची आणि चित्र व ध्वनी कसे साठवायचे, याविषयीच्या नियमांच्या संचाला ‘फॉरमॅट’ म्हणतात. एकाच कामासाठी दोन फॉरमॅट बाजारात उतरले की एकाची तबकडी दुसऱ्याच्या यंत्रात निरुपयोगी ठरते आणि त्याची झळ ग्राहकाला बसते. ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी यांच्यात २००६ ते २००८ या काळात झालेल्या झुंजीत गेम कन्सोल थेट ओढले गेले.

या झुंजीला आधीच्या पिढीतील अनुभवाची पार्श्वभूमी होती. सोनीने मार्च २००० मध्ये जपानमध्ये आणलेल्या प्लेस्टेशन २ वर डीव्हीडी पाहता येत असे, आणि स्वतंत्र डीव्हीडी प्लेअर तेव्हा महाग असल्यामुळे अनेक घरांत हेच यंत्र पहिला डीव्हीडी प्लेअर ठरले. निन्टेन्डोने २००१ मध्ये आणलेल्या गेमक्यूबची तबकडी मात्र जेमतेम आठ सेंटिमीटर व्यासाची होती, त्यामुळे नेहमीची डीव्हीडी त्यात बसतच नव्हती. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये डीव्हीडी ड्राइव्ह असूनही चित्रपट पाहण्यासाठी रिमोटचा संच वेगळे पैसे मोजून घ्यावा लागे.

पुढच्या पिढीतील भांडण समजून घेण्यासाठी तबकडीच्या आत डोकावावे लागते. डीव्हीडी वाचणाऱ्या लाल लेसरची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर असते, तर ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी या दोन्हींसाठी ४०५ नॅनोमीटरचा निळसर जांभळा लेसर वापरला जातो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. तरंगलांबी जितकी कमी, तितका किरणाचा ठिपका बारीक होतो आणि तेवढ्याच जागेत अधिक माहिती मावते. येथवर दोन्ही फॉरमॅट सख्खे भाऊ शोभतात; फरक होता तो माहितीचा थर किती खोल ठेवायचा यात. एचडी डीव्हीडीत माहितीचा थर डीव्हीडीप्रमाणेच पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत ठेवला होता, त्यामुळे डीव्हीडीच्या कारखान्यांतील यंत्रसामग्री थोड्या फेरफारानिशी वापरता येई. मात्र एका थरात १५ गिगाबाइटच माहिती मावे. ब्लू-रेमध्ये तो थर पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर आणला गेला आणि क्षमता २५ गिगाबाइटपर्यंत गेली. पण माहिती पृष्ठभागाच्या इतकी लगत आल्याने साधा ओरखडाही घातक ठरू लागला, म्हणून तबकडीवर कठीण लेप चढवणे भाग पडले.

सोनीने ब्लू-रेचा ड्राइव्ह प्लेस्टेशन ३ च्या पोटातच बसवला. नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत हे यंत्र ४९९ आणि ५९९ डॉलरला मिळू लागले, तेव्हा ही किंमत कन्सोलच्या मानाने डोळे पांढरे करणारी होती. परंतु सॅमसंगचा स्वतंत्र ब्लू-रे प्लेअर त्याच वर्षी जूनमध्ये सुमारे एक हजार डॉलरला आला होता हे लक्षात घेतले, तर चित्रपटप्रेमींना हा सौदा फायद्याचाच होता. या निवडीची किंमत सोनीलाही मोजावी लागली, कारण निळ्या लेसरच्या सुट्या भागांचा तुटवडा पडल्याने युरोपातील विक्री मार्च २००७ पर्यंत लांबली. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० प्लेस्टेशन ३ च्या वर्षभर आधी, साध्या डीव्हीडी ड्राइव्हसह, बाजारात आलेला होता. त्याला बाहेरून जोडायचा एचडी डीव्हीडी ड्राइव्ह २०० डॉलरला स्वतंत्रपणे विकला गेला आणि त्यावर केवळ चित्रपट चालत, खेळ नव्हे. खेळांच्या तबकड्यांत फरक उघड दिसे: ‘फायनल फँटसी १३’ हा खेळ प्लेस्टेशनवर एका ब्लू-रेत मावला, तर एक्सबॉक्ससाठी त्याला तीन डीव्हीडी लागल्या.

आत बसवलेला ड्राइव्ह आणि बाहेरून जोडलेला ड्राइव्ह यांतील हाच फरक निर्णायक ठरला, असे मानणे सयुक्तिक आहे. ज्याला चित्रपटांच्या तबकड्यांत तसूभरही रस नव्हता त्याच्याही घरी ब्लू-रे प्लेअर पोहोचला, उलट एचडी डीव्हीडीचा ड्राइव्ह हौसेने विकत घेणाऱ्यापुरताच मर्यादित राहिला. अर्थात केवळ खेळायचे असलेल्यांवर चित्रपटाच्या फॉरमॅटचा खर्च लादला गेला, ही त्या काळची तक्रार रास्तच होती.

प्लेअर म्हणून प्लेस्टेशन ३ ची खरी ताकद मात्र वेगळीच होती. ब्लू-रेचे नियम अजून घडत होते, त्यामुळे नवी सोय आली की सुरुवातीचे अनेक स्वतंत्र प्लेअर मागे पडत. कन्सोल इंटरनेटशी जोडलेला असल्याने सॉफ्टवेअर अद्ययावत करून तो पुढच्या पायरीवर जाई, आणि २०१० मध्ये तर त्रिमितीय ब्लू-रे पाहण्याची सोयही त्याला याच मार्गाने मिळाली. त्यात एक उणीव होती: त्याचा रिमोट ब्लूटूथवर चाले, तर घरातील इतर उपकरणांचे रिमोट इन्फ्रारेडवर, म्हणून सर्वांसाठी एकच रिमोट वापरणाऱ्यांची पंचाईत होई.

लढाईचा निकाल शेवटी चित्रपटसंस्थांनी लावला. दोन्ही फॉरमॅटमध्ये चित्रपट काढणाऱ्या वॉर्नरने जानेवारी २००८ मध्ये यापुढे फक्त ब्लू-रेची बाजू घेण्याचे जाहीर केले आणि १९ फेब्रुवारीला एचडी डीव्हीडीची मुख्य पुरस्कर्ती असलेल्या तोशिबाने तिचे उत्पादन आवरते घेण्याचे जाहीर केले. एचडी डीव्हीडीला विभागीय संकेत नव्हते, म्हणजे कोणत्याही देशातील तबकडी कुठेही चाले; ब्लू-रेने मात्र जगाचे तीन विभाग केले. त्यात अमेरिका ‘ए’ विभागात आणि भारत ‘सी’ विभागात पडल्यामुळे अमेरिकेतील नातेवाइकांनी पाठवलेली संकेतबद्ध तबकडी पुण्यातील कन्सोलवर चालत नाही, आणि ग्राहकाच्या दृष्टीने हे नुकसानच म्हणावे लागेल.

त्यानंतर २०१३ मध्ये सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांच्याही नव्या कन्सोलांनी ब्लू-रेच स्वीकारला. अतिसुस्पष्ट चित्रांच्या ‘अल्ट्रा एचडी ब्लू-रे’ तबकडीच्या वेळी मात्र गंमत उलटी झाली: २०१६ मध्ये एक्सबॉक्स वन एस ती वाचू लागला, पण ब्लू-रेच्या जनकांपैकी एक असलेल्या सोनीच्या प्लेस्टेशन ४ प्रोला ती वाचता येईना. प्लेस्टेशन ५ ने ही त्रुटी भरून काढली. तरीही २०२४ मध्ये आलेल्या त्याच्या ‘प्रो’ आवृत्तीत तबकडीचा ड्राइव्हच नाही, आणि ज्याला चित्रपटाच्या तबकड्या लावायच्या आहेत त्याला तो, पूर्वीच्या एचडी डीव्हीडीसारखाच, वेगळा विकत घेऊन जोडावा लागतो.