अडगळीची खोली आणि घराच्या भिंती

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आपण इतिहास ऐकतो, अर्थकारण ऐकतो, संतवाङ्मय ऐकतो. तेथे उभे राहून गाडीच्या खोलीतील पसाऱ्याविषयी बोलणे हे थोडे धाडसाचेच काम आहे. परंतु ह्या विषयाची निकड आपणांपैकी बहुतेकांनी केव्हा ना केव्हा अनुभवली असेल. वीज गेलेली आहे, विजेरी 'तिथेच कुठेतरी' आहे, आणि आपण सायकलीच्या पायट्यावर नडगी आपटून घेत अंधारात डबे चाचपत आहोत.

गॅरेज हा शब्दच आपल्याकडे जरा भरकटला आहे. नगरात 'गाडी गॅरेजला टाकली' म्हटले की ती मिस्त्रीकडे दुरुस्तीला गेली असाच अर्थ होतो. घरच्या गॅरेजला कोणी पार्किंग म्हणतो, कोणी शेड म्हणतो. पण खरे नाव घ्यावयाचे तर ती अडगळीची खोली असते. सावेडी-केडगावकडे नव्या वसाहतींतून संध्याकाळी चक्कर मारावी. गाडी बाहेर उन्हात उभी, आणि तिच्या हक्काच्या जागेत मोडका कूलर, गणपतीची मखर, रंगाचे अर्धवट डबे, उरलेल्या फरश्या, मोठ्या झालेल्या मुलीची तीनचाकी सायकल, शेतावरचा फवारणीचा पंप आणि टीव्हीचे रिकामे खोके.

हा पसारा आळसामुळे होतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. मला ती पटत नाही. आपल्या आज्या काही आपल्याहून शिस्तीच्या म्हणून त्यांना अंधारातही हवी ती वस्तू सापडत असे, असे नाही. त्यांचे घर त्यांना मदत करीत असे. आपले घर करीत नाही.

नगर जिल्ह्याच्या कोरड्या भागातील जुने धाब्याचे घर डोळ्यांपुढे आणा. दगडाच्या आणि पांढऱ्या मातीच्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद. ह्या भिंती केवळ छप्पर तोलण्यासाठी नव्हत्या. त्यांत कोनाडे होते, फडताळे होती, खुंट्या ठोकलेल्या होत्या. धान्यासाठी भिंतीच्या पोटातच बळद होते. त्यात वरून धान्य ओतावयाचे आणि खालच्या तोंडातून काढावयाचे. म्हणजे जुने धान्य आपोआप आधी संपे. आज गोदामांच्या व्यवस्थेत जो नियम मुद्दाम शिकवावा लागतो तो त्या भिंतीला बांधतानाच शिकवलेला होता. छताला शिंके टांगलेले, आढ्याखाली कपड्यांची वलणी, कोपऱ्यात उतरंड. उतरंडीत मोठी घागर खाली आणि लहान गाडगे वर. तिच्यातही दोष होताच; तळचे हवे असेल तर सगळी रास उतरवावी लागे. म्हणून तळाला क्वचित लागणारे असे. वाड्यांतून तर कामाप्रमाणे जागाच वेगळ्या असत : देवडीत वाहन आणि जोडे, पडवीत अवजारे, कोठीत धान्य, माळ्यावर वर्षाचे सामान, परसात सरपण.

पुढे घरे बदलली. प्रथम सायकल आली, ती देवडीत मावली. नगरात कारखाना असलेल्या कायनेटिक कंपनीची लुना १९७२ साली बाजारात आली. तीही इतकी हलकी की उंबरठ्यावरून उचलून आत घेता येई. मोटारीला मात्र स्वतंत्र खोली बांधावी लागली. त्याच सुमारास भिंती चार-सहा इंचांच्या झाल्या, कोनाडे गेले, कोठी गेली, परसू गेले. त्या सगळ्या जागांचे सामान गेले नाही. ते निराश्रित होऊन एकाच खोलीत जमिनीवर येऊन बसले. ह्या निराश्रितांच्या छावणीला आपण गॅरेज म्हणतो.

येथे थोडा हिशेब करू. दहा फूट रुंद, अठरा फूट लांब आणि नऊ फूट उंच अशी खोली धरा. जमीन १८० चौरस फूट. लहान मोटार साधारण तेरा फूट लांब आणि पावणेसहा फूट रुंद असते, म्हणजे तिला सुमारे ७५ चौरस फूट लागतात. आता तीन भिंती मोजा : ४१४ चौरस फूट! जमिनीच्या दुपटीहून अधिक जागा उभी आहे आणि ती बहुधा कोरी आहे; तिच्यावर फार तर एक जुनी दिनदर्शिका लटकत असते. जुन्या घराने भिंत वापरली आणि जमीन मोकळी ठेवली. आपण जमीन भरली आणि भिंत मोकळी ठेवली. सगळा घोटाळा एवढाच आहे, आणि उपायही त्यातच आहे.

परंतु हे ऐकून कोणी उद्याच लोखंडी रॅक आणावयास निघेल, तर त्याने थांबावे. जपानी कारखान्यांतून जगभर पसरलेली पाच शब्दांची एक शिस्त आहे. आपल्या नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांना ती सांगावयास नको. तिचा पहिला शब्द सेइरी, म्हणजे निवड करणे. दुसरा सेइतोन, म्हणजे मांडणी. क्रम महत्त्वाचा आहे. आपण नेमका उलटा करतो. आधी रॅक घेतो, मग भंगारच नीट रचून ठेवतो.

निवड ही मात्र घरात तंटा लावणारी गोष्ट आहे. मुलगा म्हणतो, भंगारवाल्याला द्या. वडील म्हणतात, राहू दे, लागेल. अशा वेळी वडिलांना हसण्यापूर्वी १९७२ साल आठवावे. त्या दुष्काळात ह्या जिल्ह्यातील माणसे रस्त्यांच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर खडी फोडीत होती आणि परदेशातून आलेला मिलो खात होती. ज्याने ते पाहिले त्याला दोरीचा तुकडाही टाकवत नाही. ह्यात हट्ट नाही, अनुभव आहे. म्हणून मी असे सुचवीन की ज्या वस्तूबद्दल एकमत होत नाही ती एका पेटीत घालावी आणि पेटीवर त्या दिवसाची तारीख मोठ्या अक्षरांत लिहावी. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तिन्ही ऋतू गेले आणि पेटी उघडावी लागली नाही, तर वडीलच बहुधा ती देऊन टाकतात. त्यांच्या मागे मुलांनी चार दिवसांची रजा काढून ट्रंका उपसण्यापेक्षा हे केव्हाही बरे; निदान कोणती वस्तू कोणाची आणि कशाची, हे सांगणारे माणूस समोर असते.

निवडताना एक सावधगिरी. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांनी लोकांच्या घरांतून अडकित्ते, दिवे, कुलपे, दौती अशा रोजच्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि त्यांतून आपल्या दिवंगत मुलाच्या नावाचे, राजा केळकर, संग्रहालय उभे राहिले. त्यांतील पुष्कळ वस्तू कोणाच्या तरी अडगळीतल्याच. ट्रंकेत मोडी कागदांचे दप्तर निघाले तर ते रद्दीच्या तराजूत घालू नये. नगरलाही ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे, तेथे दाखवून घ्यावे.

आता मांडणी. प्रथम खडूने जमिनीवर गाडीची जागा आखावी आणि पुढच्या चाकाला अडेल अशी लाकडी पट्टी ठोकावी. चालकाच्या बाजूस दार उघडण्यास दोन फूट सोडले तर दुसऱ्या बाजूस सव्वादोन फूट उरतात. तेथे पंधरा इंच खोलीचे फळे बसतात आणि माणूस आडवा होऊन जाऊ शकतो. फळा ह्याहून खोल करू नये. खोल फळ्यावर वस्तूंमागे वस्तू जाते, आणि दिसत नाही ती वस्तू आपण पुन्हा विकत आणतो. आमच्या घरी एकाच मापाच्या स्क्रूंच्या तीन पुड्या ह्याच मार्गाने आल्या. मागच्या भिंतीशी पाच फूट राहतात. तेथे हत्यारांचे आणि कामाचे ठिकाण करावे.

कोणती वस्तू कोठे, हे तिची जात पाहून ठरवू नये. ती किती वेळा लागते हे पाहून ठरवावे. रोजची वस्तू दाराशी, गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या उंचीत. विजेरी, हवेचा पंप, बाजाराच्या पिशव्या, छत्र्या ह्या खुंटीवरच असाव्यात. महिन्या-दोन महिन्यांनी लागणारे त्याच्या पुढे. मखर, आकाशकंदील, पाहुण्यांच्या गाद्या ह्या वर्षाच्या वस्तू माळ्यावर. जड ते खाली, हलके ते वर. शिडीवर दोन्ही हात सोडावे लागतील एवढे वजन माळ्यावर चढवूच नये. चार इंचांच्या विटेच्या भिंतीवर अवजड फळ्या टांगू नयेत. जड सामानाचे रॅक जमिनीवर उभे असावेत आणि भिंतीला फक्त बांधलेले असावेत.

हत्यारांसाठी कारखान्यांतील एक युक्ती घरी फार उपयोगी पडते. फळ्यावर पाना, पक्कड, करवत टांगावी आणि प्रत्येकाच्या कडेने रंगाने रेघ ओढावी. पक्कड जागेवर नसेल तर तिचा आकार रिकामा दिसतो, आणि ती कोणी नेली ह्याची चौकशी त्याच दिवशी होते. डब्यांवर नावे मराठीत आणि ठळक लिहावीत. घरात सर्वांना वाचता येणार नाही अशी चिठ्ठी म्हणजे एकट्याची सोय.

येथवर सोयीचे झाले. परंतु ह्या खोलीत जिवाशी गाठ असलेल्या काही गोष्टी असतात आणि त्यांची जागा सोयीने ठरवावयाची नसते.

त्यांत पहिले शेतीचे विष. आपल्या जिल्ह्यात शहरातल्या घराचेही एक पाऊल शेतात असते. कांद्यावर फवारून उरलेले औषध घरी येते, आणि कधी शीतपेयाच्या बाटलीत ओतून येते. ह्यासारखी भयंकर चूक दुसरी नाही. औषध मूळच्या डब्यातच, कुलपात आणि मुलांच्या हाताबाहेर ठेवावे. डब्यावर चौकोनी खूण असते. तिच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग पाहावा. तांबडा सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्या मानाने सौम्य. विषाच्या कपाटात धान्य, पेंड किंवा भांडे कधीही नको.

दुसरे पेट्रोल. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर न जाता जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. म्हणून पेट्रोलचा डबा घरात साठवूच नये, आणि गाडी असते तेथे पाण्याचा बंब, शेगडी, देव्हारा नको. इन्व्हर्टरची बॅटरी नेमकी उलट. तिच्यातून निघणारा हायड्रोजन हलका, तो वर साठतो. तेव्हा तिला बंद कपाट नको, वर झरोका हवा. अळशीच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा तर ठिणगीवाचूनही आपोआप तापून पेट घेऊ शकतो. सुतारकाम झाल्यावर त्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात.

पेवात उतरण्यापूर्वी जुनी माणसे त्याचे तोंड काही वेळ उघडे ठेवीत, कारण आत कोंडलेल्या हवेने माणूस दगावतो हे त्यांना ठाऊक होते. शटर खाली ओढून इंजिन चालू ठेवणे म्हणजे खोलीचे पेव करणेच होय. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. हिवाळ्याच्या सकाळी गाडी तापविणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आणि विंचू. उन्हाळ्यात विटांच्या, सरपणाच्या, पोत्यांच्या राशीत तो दडतो. लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी पुष्कळ मुले दगावत, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० नंतरच्या दशकात प्राझोसिन हे औषध वापरून ते मृत्यू खूप कमी केले. आज उपाय आहे, पण तो इस्पितळात आहे. मंत्र-तंत्रात वेळ दवडू नये. सापाचे गणित आणखी सरळ आहे. धान्याचे पोते जमिनीवर असले की उंदीर येतो, आणि उंदरामागे साप. सामान जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीपासून तीन बोटे दूर असले की झाडू खालून फिरतो, आणि वाळवीची मातीची वाटही वेळेवर दिसते.

वाळवीवरून एक गोष्ट राहिली. आपल्या जिल्ह्याचे हवामान एक नाही. पाथर्डी-कर्जतकडे धूळ आणि वाळवी हे शत्रू, तर अकोल्याच्या पश्चिमेस घाटघर-भंडारदऱ्याकडे पाऊस त्याच्या कित्येक पट आणि खरा शत्रू ओल. कोरड्या भागात लाकडी फळीऐवजी कडप्पा वापरावा. वाळवी त्याला शिवत नाही. ओलीच्या भागात पुठ्ठ्याची खोकी मुळीच नकोत, आणि हत्यारांना पावसाळ्यापूर्वी तेलाचा हात द्यावा.

हे सारे करण्यास मृगाच्या आधीचा एक रविवार पुरतो. सकाळी सगळे सामान अंगणात काढावे, म्हणजे आपण किती जमविले आहे ते घरातील सर्वांना एकदा एकत्र दिसते.

माझ्या ओळखीच्या एका घरी असा रविवार झाला. आजोबांच्या मोटेचे लाकडी चाक तेवढे निघेना. मुलगा म्हणे, विहिरीवर मोटार बसून पन्नास वर्षे झाली; आजोबा काहीच बोलेनात. शेवटी सुनेने ते मागच्या भिंतीवर उंच ठोकलेल्या दोन खिळ्यांवर चढविले. जमिनीवर त्याने इंचभरही जागा घेतलेली नाही. आता नातवंडे त्याच्या कण्याला सायकलचा पंप अडकवून ठेवतात.