उप्सालाची खुर्ची

स्वीडनच्या पहिल्या आर्चबिशपला खुर्ची मिळाली ती फ्रान्समध्ये. साल ११६४, गाव सांस. पोप तिसरा अलेक्झांडर तिथं मुक्काम ठोकून होता, कारण सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाशी बिनसल्यामुळे त्याला रोममध्ये थारा नव्हता. दीक्षा देणारा लुंडचा आर्चबिशप एस्किल. लुंड तेव्हा डेन्मार्कमध्ये होतं, आणि एस्किलही आपल्या राजाशी भांडून देशाबाहेर पडलेला. अशा दोन परागंदा माणसांच्या हातून अल्वास्त्रा मठातला स्टेफान उप्सालाचा आर्चबिशप झाला. उप्सालानं लुंडचा वडीलकीचा मान राखावा, अशी अटही त्यात होती.

या पदाला साडेआठशेहून अधिक वर्षं झाली. त्याचा इतिहास धर्ममतांच्या अंगानं सांगता येतो, पण तो कंटाळवाणा होतो. ही खुर्ची देतो कोण, एवढा एकच प्रश्न धरून गेलं की मात्र सगळं उलगडत जातं. आपल्याकडे खुर्चीचं राजकारण कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आधी जागा. ज्या उप्सालासाठी स्टेफानची नेमणूक झाली ते आजचं शहर नव्हे. ते जुनं उप्साला, तिथून पाचेक किलोमीटर उत्तरेला. तिथं गवतानं झाकलेल्या जुन्या राजांच्या प्रचंड समाध्या अजून आहेत. ब्रेमेनच्या आदाम नावाच्या धर्मपंडितानं अकराव्या शतकात लिहून ठेवलंय की तिथं थोर, ओदिन आणि फ्रेय या देवांचं मंदिर होतं आणि दर नऊ वर्षांनी मोठा बळी दिला जाई. आदाम स्वतः तिथं गेला नव्हता, तेव्हा ऐकीव गोष्टींत तिखटमीठ किती हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण जुन्या देवांच्या ठाण्यावरच नव्या देवाची मुख्य गादी मांडायची ही चाल ओळखीची आहे. पुढे तेराव्या शतकात गादी नदीकाठच्या व्यापारी गावात हलली आणि जाताना उप्साला हे नावही सोबत घेऊन गेली. तिथं विटांचं कॅथेड्रल उभं राहायला दीडशेहून अधिक वर्षं लागली. १४३५ साली त्याचं समर्पण झालं. त्याची उंची आणि लांबी सारखीच सांगतात, सुमारे ११९ मीटर.

मध्ययुगातला आर्चबिशप म्हणजे निव्वळ धर्मगुरू नव्हता. त्याच्याकडे जमिनी होत्या, किल्ला होता, शिबंदी होती. राज्यमंडळात त्याचा शब्द वजनाचा. येन्स बेंग्टसन ऑक्सेनशेर्ना हा त्यांतला इरसाल नमुना. १४५७ च्या जानेवारीत त्यानं राजा कार्ल क्नुट्सनविरुद्ध बंड पुकारलं. सांगतात की कॅथेड्रलमध्ये जाऊन त्यानं आपली धर्मवस्त्रं वेदीवर उतरवून ठेवली, अंगावर चिलखत चढवलं, हाती तलवार घेतली आणि राजा पळून जाईपर्यंत पुन्हा वस्त्रं घालणार नाही अशी शपथ घेतली. राजा खरोखरच समुद्रापार डान्झिगला पळाला. आर्चबिशपनं डेन्मार्कच्या राजाला बोलावून गादीवर बसवलं. सहा वर्षांनी त्याच राजानं आर्चबिशपला कैद केलं. मग पुन्हा बंड, पुन्हा सुटका, काही काळ आर्चबिशपच देशाचा कारभारी, आणि शेवटी १४६७ मध्ये राजधानीपासून दूर, ओलांद बेटावर मरण. तो हाकललेला राजा मधल्या काळात दोनदा परत येऊन गादीवर बसला, ते वेगळंच.

त्याच्यानंतरचा याकोब उल्फसन हा वेगळ्या धाटणीचा. १४६९ ते १५१५ इतका काळ तो टिकला. १४७७ मध्ये पोपची परवानगी आणून त्यानं उप्साला विद्यापीठ काढलं. उत्तर युरोपातल्या या देशांमधलं ते पहिलं विद्यापीठ.

मग आला गुस्ताव त्रोल्ले, आणि त्याच्यापाशी जरा थांबायला हवं. देशाचा कारभारी स्टेन स्तुरे याच्याशी त्याचं हाडवैर. १५१७ मध्ये राज्यसभेनं ठराव केला की त्रोल्लेला पदावरून काढायचं आणि त्याचा स्टेकेटचा किल्ला जमीनदोस्त करायचा. सगळ्यांनी त्यावर आपापल्या मोहरा उमटवल्या. लिनशॉपिंगचा बिशप हान्स ब्रास्क सावध माणूस. त्यानं मोहरेच्या मेणाखाली कागदाची एक चिठ्ठी दडवली. हे मला जबरदस्तीनं करावं लागतंय, अशा अर्थाचा मजकूर त्यावर होता.

तीन वर्षांत वारं फिरलं. डेन्मार्कच्या दुसऱ्या क्रिस्तियाननं स्वीडन जिंकलं आणि ४ नोव्हेंबर १५२० रोजी स्टॉकहोमात त्रोल्लेच्याच हातून स्वतःला राज्याभिषेक करून घेतला. तीन दिवस मेजवान्या झडल्या. ७ तारखेला वाड्याचे दरवाजे आतून बंद झाले आणि आर्चबिशपनं आपली फिर्याद वाचायला घेतली. पाडलेल्या किल्ल्याची भरपाई हवी, आणि धर्मगुरूवर हात टाकणाऱ्यांना पाखंडी ठरवून शिक्षा हवी. दुसऱ्या दिवशी दुपारपासून चौकात मुंडकी उडायला लागली. दोन बिशप, सरदार, नगरातले प्रतिष्ठित नागरिक, मिळून ऐंशीहून अधिक माणसं मारली गेली. ब्रास्कनं आपली मोहर फोडून चिठ्ठी काढायला लावली आणि तो वाचला. संमती देताना कुठंतरी बारीक अक्षरात ठेवलेल्या राखीव वाटेला स्वीडिश भाषेत आजही ‘ब्रास्कलाप’, म्हणजे ब्रास्कची चिठ्ठी, असं म्हणतात. आपल्या कार्यालयांतल्या किती फायलींत असल्या चिठ्ठ्या असतील कुणास ठाऊक.

मारल्या गेलेल्यांत एका तरुणाचे वडील होते. तो तरुण म्हणजे गुस्ताव वासा. त्यानं बंड उभारलं, १५२३ मध्ये तो राजा झाला. त्रोल्ले डेन्मार्कला पळाला होता. राजानं नव्या आर्चबिशपसाठी रोमकडे मान्यता मागितली, तर उत्तर आलं की खरा आर्चबिशप त्रोल्लेच, त्याला परत बसवा. बापाच्या मारेकऱ्याला परत खुर्चीवर बसवा असं मुलाला सांगायचं, यापेक्षा मोठी घोडचूक शोधून सापडणार नाही. राजानं पोपशी संबंध तोडले. ल्यूथरची मतं तोवर देशात आलेली होतीच आणि राजाला चर्चच्या संपत्तीची नड होतीच. १५२७ च्या वेस्तेरोसच्या सभेत ती संपत्ती त्यानं ताब्यात घेतली. तरी फाटाफूट नेमकी कुठं झाली असं विचारलं, तर मी उप्सालाच्या खुर्चीकडे बोट दाखवीन.

१५३१ मध्ये या खुर्चीवर पहिला ल्यूथरपंथी आर्चबिशप आला, लॉरेन्शिअस पेत्री. वय अवघं ३२. पोप आता चित्रात नव्हता, पण दीक्षा देणारा वेस्तेरोसचा बिशप पेत्रुस मॅग्नी होता, आणि त्याची स्वतःची दीक्षा रोममध्ये झालेली होती. एका बिशपनं दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवण्याची जुनी साखळी त्यामुळे तुटली नाही. जर्मनीतल्या ल्यूथरपंथीयांकडे ती राहिली नाही, स्वीडनकडे राहिली. या साखळीचा एक दुवा थेट आपल्या देशात येतो. तमिळ ल्यूथरपंथीयांचं चर्च १९१९ मध्ये स्वतंत्र झालं, तेव्हा त्याचा तरंगंबाडीचा पहिला बिशप एर्न्स्ट हॉयमन हा स्वीडिश होता आणि दीक्षेची परंपरा स्वीडनची. खानदेशात, नंदुरबारच्या बाजूला आलेले स्वीडिश मिशनरी मात्र स्वतंत्र मंडळ्यांचे. त्यांचा उप्सालाशी संबंध नव्हता.

पेत्री ४२ वर्षं त्या खुर्चीवर होता. १५४१ चं स्वीडिश बायबल त्याच्या काळातलं, १५७१ ची चर्चची नियमावली त्याच्या हातची. पण एक प्रसंग या सगळ्याहून जास्त लक्षात राहतो. त्याचा थोरला भाऊ ओलाउस पेत्री हा स्टॉकहोममधला नामांकित उपदेशक, धर्मसुधारणेचा खरा आवाज. राजाविरुद्धच्या एका जुन्या कटाची माहिती त्याच्या कानावर आली होती आणि त्यानं ती कळवली नाही, असा आरोप ठेवून राजानं त्याच्यावर खटला भरला. न्याय करणाऱ्यांत आर्चबिशपला बसवलं. १५४० च्या सुरुवातीला धाकट्यानं थोरल्याला देहान्ताची शिक्षा सुनावणाऱ्या निकालात सहभागी व्हावं लागलं. पुढे दंड घेऊन राजानं जीव वाचवला, पण आर्चबिशप आता कुणाचा माणूस आहे हे साऱ्या देशाला कळलं. (आजही दोन भाऊ बिशप आहेत, आर्चबिशप मार्टिन मोदेउस आणि वेक्शोचा बिशप फ्रेडरिक मोदेउस. त्यांच्यावर असा प्रसंग येण्याची शक्यता नाही.)

तरी पेत्री नुसता होयबा नव्हता. १५५२ मध्ये राजानं आपल्या दिवंगत राणीच्या भाचीशी लग्न ठरवलं तेव्हा आर्चबिशपनं आक्षेप घेतला. राजानं दुसरा बिशप शोधला आणि लग्न उरकलं.

१५९३ च्या उप्साला सभेनं देशाचा धर्म ल्यूथरपंथीच राहील असं ठरवलं. नवा राजा सिगिस्मुंड कॅथलिक होता, त्याला बांधून घालण्यासाठीच ही सभा. सभेनंच अब्राहम आंगेरमान्नुसला आर्चबिशप निवडलं. हा गृहस्थ कर्मठपणात कुणाला हार जाणारा नव्हता. १५९६ मध्ये तो दक्षिणेकडच्या मुलखात तपासणीला निघाला आणि गावोगाव चर्चमध्ये पाप्यांना छडीचे फटके मारण्याचा, अंगावर थंड पाणी ओतण्याचा सपाटा लावला. लोकांनी तक्रारी केल्या. पुढे सत्तेच्या भांडणात तो चुकीच्या बाजूला सापडला आणि ग्रिप्सहोमच्या कैदेत मेला. १५९३ च्या त्या ठरावाचं शेपूट मात्र अजून शिल्लक आहे. स्वीडनच्या राजानं त्यात नमूद केलेला धर्मच मानला पाहिजे, असं वारसाहक्काच्या कायद्यात आजही लिहिलेलं आहे.

त्यानंतरचे आर्चबिशप म्हणजे, स्पष्ट सांगायचं तर, बडे सरकारी अधिकारी. संसदेत पाळकवर्गाचं वेगळं सभागृह होतं, त्याचे ते अध्यक्ष. विद्यापीठाचे उपकुलपती. राज्याभिषेकाला मुकुट त्यांच्या हाती. घराणेशाहीही होतीच: एरिक बेन्सेलिउस आर्चबिशप झाला आणि त्याचे तीन मुलगेही, एकामागून एक. हा काळ झटकन ओलांडावासा वाटतो, पण एका गोष्टीसाठी ओलांडवत नाही. १६८६ च्या चर्च कायद्यानं प्रत्येकाला धर्माची मूलतत्त्वं येणं आवश्यक केलं आणि तीन वर्षांनी आर्चबिशप ओलोफ स्वेबिलिउसची प्रश्नोत्तरी छापून आली. पाळक गावोगाव फिरत. एखाद्या शेतकऱ्याच्या घरी आसपासची कुटुंबं जमत, आणि नोकराचाकरांसह सगळ्यांची परीक्षा होई. वाचता येतं का? समजतं का? कुणाला किती येतं याच्या खुणा वहीत पडत. प्रश्नोत्तरी येत नसेल तर प्रभुभोजन नाही, आणि ते नाही तर लग्नही अडलं. अशा धाकानं का होईना, शेतमजुरांच्या बायकासुद्धा वाचायला शिकल्या. लिहायला मात्र कुणी शिकवत नव्हतं, कारण ते कायद्यात नव्हतं. त्या वह्या आज इतिहासकारांचा खजिना झाल्या आहेत.

एकोणिसाव्या शतकात एकेक मान गळत गेला. १८६६ मध्ये चार वर्गांची जुनी संसद मोडीत निघाली, तसं पाळकांचं सभागृहही गेलं. १८७३ नंतर स्वीडनच्या एकाही राजाला राज्याभिषेक झालेला नाही.

खुर्ची अशी हलकी झाल्यावर तिच्यावर नाथान सॉडरब्लॉम आला. तो धर्मांचा अभ्यासक. पॅरिसमध्ये स्वीडिश चर्चचा पाळक असताना त्यानं सोरबोनची डॉक्टरेट मिळवली. आल्फ्रेड नोबेलशी त्याची ओळख तिथलीच, आणि १८९६ मध्ये सान रेमोत नोबेल वारल्यावर अंत्यविधीलाही तोच होता. तेव्हा आर्चबिशप नेमायचा सरकारनं, चर्चच्या मतदानातून आलेल्या तीन नावांतून. १९१४ मध्ये सॉडरब्लॉमचं नाव तिसरं होतं. पंतप्रधान यालमार हामरशॉल्डच्या सरकारनं पहिली दोन सोडून ते उचललं आणि बिशपमंडळी थक्क झाली. काही महिन्यांत महायुद्ध पेटलं. सॉडरब्लॉमनं शांततेचं आवाहन लिहून युरोपभरच्या चर्चप्रमुखांकडे सह्यांसाठी पाठवलं. तटस्थ देशांतून सह्या आल्या. लढणाऱ्या देशांतले धर्मगुरू आपापल्या तोफांना आशीर्वाद देण्यात गुंतले होते.

त्यानं नाद सोडला नाही. १९२५ च्या ऑगस्टमध्ये त्यानं स्टॉकहोमात अनेक देशांतले प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स एकत्र आणले. मतभेदांचा कीस काढण्याऐवजी युद्ध, मजुरी, बेकारी यांवर बोलू, ही त्याची कल्पना. रोम आलं नाही. १९३० चं नोबेल शांतता पारितोषिक त्याला मिळालं. ते मिळालेला तो पहिला धर्मगुरू. रवींद्रनाथ टागोर १९२१ मध्ये स्वीडनला गेले तेव्हा उप्सालात त्यांचं स्वागत यानंच केलं. साधू सुंदरसिंग पुढच्याच वर्षी तिथं पोहोचले, आणि त्यांच्यावर सॉडरब्लॉमनं पुस्तकही लिहिलं. चारशे वर्षांपूर्वीच्या त्रोल्लेकडे किल्ला होता. सॉडरब्लॉमकडे टपाल होतं, आणि बोलायला भाषा पुष्कळ होत्या.

२००० च्या १ जानेवारीला चर्च आणि सरकार वेगळे झाले. खुर्ची देण्याचा अधिकार आता चर्चच्याच मतदारांकडे आला. २०१३ मध्ये आन्त्ये याकेलेन पहिल्याच फेरीत निम्म्याहून अधिक मतं घेऊन निवडून आल्या. पहिल्या स्त्री आर्चबिशप, जन्मानं जर्मन. स्त्रियांना पाळक होता येतं हे स्वीडिश चर्चमध्ये १९५८ मध्ये ठरलं आणि १९६० मध्ये पहिल्या तिघींना दीक्षा मिळाली. तिथून इथवर यायला अर्धशतक लागलं. याकेलेन यांचं ब्रीद होतं ‘देव मोठा आहे’. योहानाच्या पहिल्या पत्रातलं ते वचन. पण त्यात अरबी घोषणेचा वास येतो, असं म्हणून गदारोळ करणारे निघाले. बायबल घरी असलं तरी उघडायला हवं ना!

२४ नोव्हेंबर २०२१ रोजी याकेलेन उप्सालाच्या कॅथेड्रलमध्ये सामी लोकांसमोर उभ्या राहिल्या. हे उत्तरेकडचे मूळ रहिवासी. चर्चच्या माणसांनी त्यांचे पवित्र ढोल जप्त केले आणि जाळले, त्यांच्या मुलांसाठी कमी दर्जाच्या वेगळ्या शाळा चालवल्या, कबरींतली हाडं संशोधनाच्या नावाखाली नेऊ दिली. आर्चबिशपनं एकेक गोष्ट नाव घेऊन कबूल केली आणि चर्चच्या वतीनं माफी मागितली. विसाव्या शतकात लोकांची डोकी मोजून वंश ठरवणारी सरकारी संस्था ज्या घरात भरत असे, ते घर कॅथेड्रलच्या दाराबाहेर, त्याच चौकात उभं आहे. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात त्या उत्तरेला लुलेओला गेल्या आणि सामींच्या मुलखाजवळ तीच माफी पुन्हा मागितली.