'जात चोरणे' या शब्दांचा अर्थ

लाक्षणिक भाषा समजावून देताना आपले काव्यशास्त्र एक जुने उदाहरण देते : 'गंगेवर गवळीवाडा'. पाण्यावर वस्ती वसत नाही, म्हणजे वाच्यार्थाला बाध आला. तेव्हा जवळचा अर्थ घ्यायचा, गंगेच्या काठावर. ही लक्षणा. काठ न म्हणता गंगा म्हटल्याने शीतलता, पावित्र्य सुचते, ती व्यंजना. उदगीरला शिकताना मी हे पाठ केले, पुढे शिकवलेही. उदाहरण चोख आहे. पण कुणाची वस्ती कुठे, हा प्रश्न ज्याच्या जन्मालाच चिकटलेला आहे, त्या वाचकाला या शास्त्राने जमेस धरले नव्हते.

बाबुराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली आला. शीर्षककथेतला नायक नोकरीसाठी परमुलखात जातो, जात लपवून भाड्याने राहतो आणि जात उघडी पडताच मार खातो.

आता शब्द पाहू. चोरी दुसऱ्याच्या वस्तूची होते. इथे जात त्याचीच, मग चोरी कसली? वाच्यार्थाला बाध आला. परंतु मराठीत 'अंग चोरणे', 'नजर चोरणे' हेही आहे. तिथे माणूस स्वतःचेच काहीतरी आखडून घेतो.

विद्यार्थीदशेत या शीर्षकाचा अर्थ लिहिताना मी लिहिले होते : 'माझे वडील एस.टी.त अंग चोरून बसतात. शेजाऱ्याने गाव विचारले तर सांगतात. आडनाव विचारले की खिडकीबाहेर पाहतात. त्यांनीही जात चोरली आहे.' मास्तरांनी तांबड्या शाईने शेरा मारला, 'विषयांतर'. कैक वर्षे मला तो शेरा खराच वाटत राहिला.

आज म्हणतो, लक्षणा मला वडिलांच्या बसण्यातून कळली होती. मात्र तेवढ्यावर थांबणे हा माझा दोष होता. स्वानुभव घेऊन पुन्हा कथेकडे यावे लागते. माझ्या वडिलांना कुणी मारले नाही, नायकाला मारले. तो अंग चोरत होता, मारणाऱ्यांनी त्याला चोर ठरवले. एकाच क्रियापदाचे दोन अर्थ समोरासमोर उभे राहतात आणि त्यांतून व्यंग्यार्थ निघतो : ज्यांनी माणसाचे माणूसपण लुबाडले, तेच त्याला चोर म्हणून बडवतात.

एप्रिल २०२२ मध्ये उदगीरला ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष भारत सासणे, म्हणजे एक कथाकारच. गावात कथेची चर्चा झाली, हे चांगलेच. पण कथेचा खरा कस वर्गात लागतो. तिथे मुलाने आपल्या घरचे लिहिले, तर त्याला विषयांतर म्हणायचे की 'आता कथेत हे कुठे आहे ते दाखव' म्हणायचे? मी दुसरे म्हणतो.

आणि शीर्षकातला 'होती' विसरू नये. जात चोरली 'होती', असे जो 'मी' म्हणून उघड सांगतो, त्याने चोरणे सोडलेले असते. माझ्या वडिलांना हे वाक्य अखेरपर्यंत उच्चारता आले नाही.