टाचेतला एक थेंब

बाळ जन्मलं की घरात पहिली चौकशी कसली होते? मुलगा की मुलगी. मग वजन किती भरलं. मग बाळ लगेच रडलं का. एवढं विचारून झालं, बारशाचा दिवस ठरला, की बाळाची चौकशी संपली असं आपण धरतो. पण एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही आणि काट्यावरही कळत नाही. आईच्या पोटातून येताना बाळाने पुरेशी शिदोरी आणली आहे का?

शिदोरी म्हणजे काय, ते सांगतो. आईच्या पोटात बाळ नऊ महिने वाढते, तेव्हा ते आईच्या रक्तातून जीवनसत्त्वे घेते आणि थोडी आपल्या यकृतात साठवते. जन्मल्यावर पहिले काही महिने त्या साठ्यावर आणि आईच्या दुधावर त्याचे चालते. आज आपण त्यातल्या एकाच जीवनसत्त्वाविषयी बोलू. त्याचे नाव बी-१२.

हे जीवनसत्त्व लागते अगदी थोडे. एक ग्रॅमचे दहा लाख भाग केले, तर त्यातले दोन-अडीच भाग मोठ्या माणसाला दिवसाला पुरतात. अंगावर पाजणाऱ्या आईला थोडे जास्त लागते. पण तेवढे मिळाले नाही तर रक्त नीट तयार होत नाही. मेंदूपासून हातापायांपर्यंत ज्या बारीक तारा गेलेल्या असतात, त्यांना मज्जातंतू म्हणतात. त्यांच्यावरचे वेष्टनही बी-१२ वाचून नीट बनत नाही. बाळाचा मेंदू पहिल्या वर्षात झपाट्याने वाढतो. म्हणून बाळाला ही उणीव फार जड जाते.

बी-१२ धान्यात नाही, डाळीत नाही, पालेभाजीत नाही, फळातही नाही. ते दूध, दही, अंडी, मासे आणि मटण यांत असते.

हे आम्ही रात्रीच्या वर्गात सांगत होतो, तेव्हा एक आजी मध्येच म्हणाल्या, “अवो, पण गाय तर नुसता चारा खाती. ती काय मटण खाती व्हय? मग तिच्या दुधात हे आलं कुठनं?”

आजींचा प्रश्न बिनतोड होता. बी-१२ झाडही बनवत नाही आणि जनावरही बनवत नाही. ते बनवतात डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जंतू. गाईच्या पोटाच्या मोठ्या कप्प्यात असे जंतू असतात. गाय रवंथ करते आणि जंतू आपले काम करत राहतात. म्हणून ते तिच्या दुधात उतरते. माणसाच्या पोटाला तसा कप्पा नाही, म्हणून आपल्याला ते खाण्यातूनच घ्यावे लागते.

आता आपल्या घराकडे पाहा. गोठ्यात म्हैस आहे, पण दूध डेअरीला जाते. घरात उरते ते चहापुरते. मटण शिजते ते सणावारी नाहीतर पाहुणे आले तर. पुरुष आधी जेवतात, मग मुले, आणि सून शेवटी. तिच्या ताटात रस्सा येतो, फोड येतेच असे नाही. म्हणून ‘आमचं घर खाणारं आहे, आम्हाला काय होतंय’ असे म्हणून भागत नाही.

१९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या ६ गावांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. त्यांच्या रक्तात पुढे असे आढळले की, दर तिघींपैकी दोघींच्या अंगात बी-१२ कमी होते. या काही आजारी बाया नव्हत्या. रानात कामाला जाणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, तुमच्याआमच्यासारख्याच होत्या. मोठ्या माणसाच्या यकृतात बी-१२ चा साठा बराच काळ पुरतो, म्हणून उणीव असली तरी ती चटकन कळत नाही. बाळाचा साठा मात्र चिमूटभर. आईच कमी, तर बाळाला शिदोरी कमी, आणि अंगावरच्या दुधातही कमी.

असे बाळ जन्मताना छान दिसते. हसते, मान धरते, गुटगुटीतही असते. मग चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर कधीतरी ते मंदावते. आईकडे बघून हसत नाही. धरलेली मान सोडून देते. रंग फिका पडतो, केस विरळ आणि भुरे होतात, बोटांच्या पेरांवरची कातडी काळवंडते. काही बाळांचे हात, पाय, डोके थरथरू लागते. झोपेत थरथर थांबते, जागे झाले की पुन्हा सुरू. घरातले म्हणतात, दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळतात, गंडा बांधतात. आम्ही कोणाच्या श्रद्धेला हसत नाही. पण त्यात जे दोन महिने जातात, ते बाळाच्या मेंदूचे जातात. उशीर झाला तर औषधाने रक्त सुधारते, अंग सुधारते, पण बुद्धीतली कसर मागे राहू शकते.

या दुखण्याचे मूळ दाखवणारा एक जुना लेख आहे. १९६२ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉ. जाधव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ६ बाळांची हकिगत छापली. सगळी बाळे अंगावर पिणारी होती. त्यांच्या आयांच्या अंगातही बी-१२ कमी होते. बाळांना ते दिल्यावर ती सुधारली. म्हणजे औषध तेव्हापासून ठाऊक आहे. अडचण एकच. बाळ थरथरायला लागेपर्यंत कोणाला कळत नाही.

इथे टाचेतला थेंब कामी येतो.

बाळ दोन-तीन दिवसांचे झाले की नर्सबाई त्याच्या टाचेच्या कडेला बारीक सुई टोचतात आणि रक्ताचे थोडे थेंब जाड टिपकागदावर टिपतात. कागद वाळवून प्रयोगशाळेत पाठवतात. ही रीत अमेरिकेतील रॉबर्ट गथ्री यांनी १९६३ साली जगापुढे मांडली. त्यांनी ती दुसऱ्या एका जन्मजात आजारासाठी काढली होती. पुढे त्याच कागदावर कितीतरी आजार शोधता येऊ लागले. जर्मनीतील हायडेलबर्ग शहरात २०१६ पासून बी-१२ ची उणीवही या थेंबातून शोधून पाहिली. उणीव सापडली त्या बाळांपैकी बहुतेकांची आईच बी-१२ ला कमी होती. बाळांना लगेच औषध मिळाले, काही बिघडायच्या आधीच.

एका थेंबातून हे कसे कळते? पाटाचे उदाहरण घ्या. पाटात कुठे अडथळा आला तर पाणी त्याच्या मागे तुंबते. बी-१२ कमी असले की शरीरातली दोन कामे अडतात आणि तिथले दोन पदार्थ रक्तात साठू लागतात. यंत्र हे तुंबलेले पदार्थ मोजते. अर्थात थेंबाने फक्त संशय येतो. संशय आला तर बाळाचे आणि आईचेही रक्त पुन्हा तपासतात, मगच नक्की ठरते. दवाखान्यातून दुसऱ्या तपासणीचा निरोप आला म्हणून रडारड करू नये. आणि ‘बाळ तर चांगलं खेळतंय’ म्हणून तो निरोप टाळूही नये.

जाता जाता एक सांगतो. ‘के’ नावाचे जीवनसत्त्व तर सगळ्याच बाळांत जन्मताना कमी असते. त्याला तपासणी कशाला? प्रत्येक बाळाला मांडीत एक सुई देतात, त्याने अंगात रक्तस्राव होण्याचा धोका टळतो. तिला नको म्हणू नका.

आपल्याकडे टाचेची तपासणी सगळ्या दवाखान्यांत होत नाही, आणि जिथे होते तिथेही बी-१२ त्यात असेलच असे नाही. म्हणून घरी निघण्याआधी विचारावे, “बाळाच्या टाचेचं रक्त घेतलं का? त्यात काय काय बघतात?” नाही म्हणाले तरी वाट बंद होत नाही. बाळाची शिदोरी आईकडून येते, तेव्हा आईला तपासा. दिवस राहिल्यावर आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगा, “माझं बी-१२ बघायचं आहे.” गरोदरपणात लोहाच्या गोळ्या मिळतात त्या जरूर घ्याव्यात, पण त्यांत लोह आणि फॉलिक आम्ल असते, बी-१२ नसते. नुसत्या फॉलिक आम्लाने रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि आत मज्जातंतूंची झीज चालूच राहते. ही गोष्ट फार जणांना माहीत नसते.

घरच्या दुधातले पेलाभर सुनेच्या वाट्याला यावे, दह्याची वाटी यावी, चालत असेल त्या घरी अंडे यावे. पण उणीव पडलीच असेल तर एवढ्याने भरून येत नाही. पाव लिटर दुधात साधारण एका दिवसाच्या गरजेचा निम्माही भाग मिळत नाही. तेव्हा गोळ्या किंवा सुया घ्याव्या लागतात, त्या डॉक्टर सांगतील तशा.

वर्गातल्या एका सूनबाईंनी हळूच विचारले, “माझ्यात कमी असंल तर बाळाला पाजायचं बंद करू का?”

मुळीच नाही. आईच्या दुधासारखे दुसरे काही नाही. आईने औषध घेतले की दुधातले बी-१२ वाढते. बाळाला त्याचे औषध वेगळे मिळते. थरथरणाऱ्या बाळाचे औषध सुरू झाल्यावर थरथर काही दिवस वाढू शकते. त्याने घाबरून औषध तोडू नये, डॉक्टरांना दाखवावे.

तपासणीचा कागद मिळाला की त्यावर तारीख आहे ना ते स्वतः वाचून पाहा. आता तुम्हाला वाचता येते. तो कागद माता-बाल कार्डातच ठेवा. पुढच्या खेपेला दिवस राहिले की डॉक्टरांना तो आधी दाखवावा लागेल.