कवायत म्हणजे काय?

सिमरोलच्या मुलांस कवायत शब्द नवा नाही. महूची छावणी 1818 पासूनची, आणि ती आपल्या शेजारीच. तरी ‘कवायत कशासाठी?’ असे वर्गात विचारले, तर ‘शिस्तीसाठी’ एवढेच उत्तर आम्हांस मिळते. उत्तर खोटे नाही, अपुरे आहे.

शब्द मूळचा अरबी. ‘कायदा’ याचे अनेकवचन ‘कवाइद’, म्हणजे नियम. नियम कशाचे? तर बंदूक भरण्याचे. जुनी चकमकी बंदूक नळीच्या तोंडातून भरावी लागे. शिपायाने कागदी काडतूस दातांनी तोडावे, चिमूटभर दारू रंजकाच्या वाटीत टाकून ती झाकावी, बंदूक उभी करून उरलेली दारू व गोळी नळीत सोडावी, गजाने ठासावी, गज जागेवर बसवावा, मग घोडा चढवून चाप ओढावा. गज नळीतच विसरला, तर तो गोळीबरोबर उडून जाई आणि शिपाई नुसता सोटा धरून उभा! उत्तम शिपाई मिनिटास दोन-तीन बार काढी. शंभर यार्डांपलीकडे नेमाचा भरवसा नसे. म्हणून साऱ्या रांगेने हुकुमासरशी एकदम बार काढावयाचा. समोरून गोळ्या येत असता मनुष्याचे डोके चालत नाही, हात मात्र सवयीने चालतात. ही सवय लावणे हेच कवायतीचे काम. हॉलंडात 1607 साली याकोब द गेन याने या एकेका हालचालीची 117 चित्रे छापून काढली, ती याचसाठी.

आपल्याकडे हे शिक्षण घेतलेला नामांकित सरदार म्हणजे इब्राहिमखान गारदी. 1761 साली पानिपतावर त्याचे गारदी भाऊसाहेबांच्या बाजूने लढले व बहुतेक तेथेच पडले. पुढे तुकोजी होळकरांनी दुद्रनेक या फ्रेंच सरदाराकडून चार पलटणी तयार करविल्या. 1793 साली लाखेरीस त्यांची गाठ महादजी शिंद्यांच्या द बॉयनशी पडली. दोहींकडे तीच कवायत, दोन्ही घरे मराठ्यांचीच! होळकरांच्या पलटणी हटल्या नाहीत; जवळजवळ साऱ्या कापल्या गेल्या. 1817 साली महिदपुरासही होळकरांचे गोलंदाज तोफांपाशीच उभे राहून मेले.

या कवायतीतील एका पायरीने पुढे मोठा अनर्थ केला. ती म्हणजे काडतूस दातांनी तोडणे. 1857 साली नव्या एन्फील्ड बंदुकीच्या काडतुसास गाईची व डुकराची चरबी लावली आहे, अशी वार्ता उठली. हिंदू व मुसलमान, दोघांच्याही धर्मावर घाला! सरकारने घाईने कवायत बदलून काडतूस हाताने फाडण्याचा हुकूम काढला. पण वर्षानुवर्षे घोटलेली सवय हुकुमाने थोडीच सुटते? शिवाय विश्वासच उडाला होता. 1 जुलै 1857 रोजी सकाळी सआदतखानाच्या माणसांनी इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला चढविला, आणि त्याच रात्री महूची तेविसावी पलटण उठली. तिच्या शिपायांस बंदूक भरावयास शिकविले होते ते कंपनीनेच.